हरण्याची सोय

हुकूमशहासुद्धा निवडणुका घेतात, हे मला बरंच उशिरा कळलं. उदाहरणही फार लांबचं नाही, १९६१पर्यंत गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचं आहे. सालाझारच्या राजवटीत तिथे निवडणुका होत आणि संसदेच्या सगळ्या जागा त्याच्याच पक्षाला मिळत. १९५८मध्ये जनरल उंबेर्तु देल्गादू राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. निवडून आलो तर सालाझारला पदावरून काढेन, असं ते उघड म्हणाले. सरकारी मोजणीत ते हरले, पण सुमारे एक चतुर्थांश मतं त्यांना मिळाल्याचं सरकारलाही दाखवावं लागलं. सालाझारने यातून धडा घेतला. पुढच्याच वर्षी त्याने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद केली. १९६५मध्ये त्याच्या गुप्त पोलिसांनी देल्गादूंचा खून केला.

आता आपल्या उपनगरांत येऊ.

जून १९७५मध्ये आणीबाणी लागली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. मार्च १९७६च्या सुमारास व्हायची लोकसभा निवडणूक पुढे ढकलली गेली. तेव्हा कायदामंत्री होते ह. रा. गोखले, मुंबई उत्तर-पश्चिमचे खासदार. म्हणजे पोर्तुगालच्या वाटेवर आपण बरंच अंतर चाललो होतो.

मग जानेवारी १९७७मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. कैदी सुटू लागले, सेन्सॉर सैल झाला, सभा भरू लागल्या. मतदान झालं तेव्हा आणीबाणी कागदोपत्री चालूच होती. तरीही उत्तर-पश्चिममध्ये राम जेठमलानींनी कायदामंत्र्यांनाच हरवलं. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूला, उत्तर-पूर्वमध्ये, सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. वॉरंट असताना राज्यसभेत हजेरी लावून पसार झालेले तेच. गोरेगाव-बोरिवलीच्या मुंबई उत्तरमधून जिंकल्या मृणाल गोरे. गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या या 'पाणीवाल्या बाई' आणीबाणीत तुरुंगात होत्या. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी हरल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाचीच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, तिच्या पास होण्याला काही किंमत नसते. सालाझारची निवडणूक तशी होती. फरक मतपेटीत नाही, पेटी दोन्हीकडे असते. विरोधकाला उभं राहता येतं का, त्याचं म्हणणं लोकांपर्यंत पोचतं का, मोजणारा कर्मचारी खरा आकडा लिहितो का आणि हरलेला माणूस खुर्ची सोडतो का, यात तो आहे. इंदिरा गांधींनी २२ मार्चला राजीनामा दिला. १९८०मध्ये त्या पुन्हा मतांवरच सत्तेत आल्या.

माझे मित्र मतदानाच्या सुट्टीला लोणावळा गाठतात. 'कोणीही आलं तरी काय फरक पडतो?' म्हणतात. कधीकधी मलाही तसंच वाटतं. पण 'कोणीही' येऊ शकतं, ही साधी गोष्ट नाही. पोर्तुगालमध्ये कोण येणार, हे आधीच ठरलेलं असे. आपल्याकडेही एकदा निवडणूक पुढे ढकलली गेली होती, आणि ती करणारा कायदामंत्री आपल्याच उपनगरांतून निवडून गेला होता. त्याला परत बोलावलं, तेही इथल्याच रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांनी.