पॅन अ‍ॅम: अपघातांनी बुडाली की हिशेबाने?

आज ज्या विमान कंपनीविषयी आपण बोलणार आहोत, ती बंद पडून तीन दशकं उलटली, तरी तिचं निळं गोल चिन्ह लोक अजून ओळखतात. पॅन अमेरिकन, म्हणजेच पॅन अ‍ॅम. ही कंपनी कशाने संपली, असं विचारलं की उत्तर येतं, लॉकर्बीच्या स्फोटाने. आमचं म्हणणं असं, की हे उत्तर अर्धंच खरं आहे.

सुरुवात साधी होती. १९२७ साली फ्लोरिडातल्या की वेस्टहून क्यूबातल्या हवानाला टपाल न्यायचं, एवढंच काम. कर्ताधर्ता ह्वान ट्रिप. सरकारी टपालाच्या कंत्राटांवर त्याने लॅटिन अमेरिकेत जाळं विणलं. १९३५मध्ये 'चायना क्लिपर' हे पाण्यावर उतरणारं विमान होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम अशी बेटं घेत मनिलाला पोचलं. १९७०च्या जानेवारीत जंबो ७४७ने पहिल्यांदा प्रवासी नेले, तेही पॅन अ‍ॅमनेच, न्यूयॉर्क ते लंडन.

आता अपघात पाहू. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट. शेजारच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून विमानं इकडे वळवलेली. दाट धुकं. केएलएमच्या वैमानिकाने परवानगी नसताना धाव घेतली, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं जंबो होतं. ५८३ माणसं गेली. दोन रेडिओ संदेश एकाच वेळी आल्याने ऐन मोक्याचं वाक्य नीट ऐकूच आलं नाही. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, पण ज्येष्ठ कॅप्टनपुढे ती टिकली नाही. कनिष्ठाने बोलावं आणि वरिष्ठाने ऐकावं, हे वैमानिकांना मुद्दाम शिकवायला लागले, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

पुढची घटना आपल्याला जवळची. ५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेलं विमान कराचीत उतरलं, आणि सुरक्षारक्षकांच्या वेशातले सशस्त्र लोक आत घुसले. इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटमधून बाहेर पडले, त्यामुळे विमान उडवायला कुणी उरलंच नाही. आत राहिली नीरजा भनोत आणि तिचे सहकारी. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांनी पासपोर्ट लपवले. प्रवाशांना वाचवताना नीरजा गेली. वय अवघं २२. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आणि २१ डिसेंबर १९८८, लॉकर्बी. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११, असे २७० मृत्यू. बॉम्बची बॅग विमानात होती, बॅगेचा मालक नव्हता. सामानाच्या तपासणीत कंपनीने जाणूनबुजून हयगय केली, असं १९९२मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने ठरवलं.

मग कंपनी याच धक्क्याने गेली का? जरा सनावळी बघा. जंबोंची मोठी ऑर्डर दिली, आणि १९७३मध्ये तेल भडकलं. अमेरिकेच्या आत पॅन अ‍ॅमचे मार्गच नव्हते. परदेशी विमानं भरायला प्रवासी आणायचे कुठून? १९७८मध्ये सरकारी नियंत्रण उठलं, स्पर्धा वाढली. घाईने नॅशनल एअरलाइन्स विकत घेतली, ती पचली नाही. मग न्यूयॉर्कची इमारत विकली, हॉटेलं विकली. १९८५मध्ये पॅसिफिकचे मार्ग ७५ कोटी डॉलरला युनायटेडला द्यायचं ठरलं. म्हणजे लॉकर्बीच्या तीन वर्षं आधीच घरातली भांडीकुंडी बाजारात गेली होती!

लॉकर्बीने उरलासुरला विश्वास घालवला, आखाती युद्धाने प्रवासी घटवले. ४ डिसेंबर १९९१ला कारभार थांबला.

सगळं खापर एका स्फोटावर फोडलं, की दोघं सुटतात: हिशेब चुकवणारे, आणि बॅग न तपासणारे. म्हणून या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या ठेवतो. कंपनी बुडाली कर्जाने, माणसं गेली निष्काळजीपणाने आणि हिंसेने. पहिल्या गोष्टीची हळहळ वाटते. दुसरीचा जाब मागायचा असतो.

इथेच थांबतो.