तीन राज्यांच्या हिशेबात न बसलेलं गाया

गाया हे नाव आपल्याकडे आलं ते अयोध्येमार्गे. इ.स. ४८मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या बोटीने आली आणि गायाच्या सुरो राजाची राणी झाली, अशी कोरियन कथा आहे. ती लिहिली इल्यॉन या बौद्ध भिक्षूने, तेराव्या शतकात. मध्ये बाराशे वर्षं गेली, त्यामुळे ती कथा म्हणूनच ऐकावी. पण आपण राणीपाशीच थांबतो आणि खरं गाया राहूनच जातं.

दक्षिण कोरियात नाकदोंग नदीच्या खोऱ्यात लहान लहान राज्यांचा एक जुळारा होता, तो गाया. एक राजा, एक राजधानी असं काही नव्हतं. होतं ते लोखंड. तिसऱ्या शतकातला चिनी इतिहास सांगतो की, इथलं लोखंड न्यायला आसपासचे लोक येत, पार जपानकडचेही, आणि बाजारात लोखंडच पैशासारखं चाले. थडग्यांमध्ये लोखंडी पट्ट्या ओळीने मांडलेल्या सापडतात. मेलेल्या माणसाला चक्क रोकड देऊन पाठवायचं!

नदीच्या मुखाशी असलेलं आजचं गिम्हे तेव्हा या व्यापाराचं नाकं होतं. इ.स. ४००मध्ये शेजारच्या सिल्लाने वा, म्हणजे जपानकडच्या लोकांविरुद्ध मदत मागितली आणि उत्तरेच्या गोगुर्योने ५० हजारांचं सैन्य पाठवलं. ते पाठलाग करत गायापर्यंत आलं. त्यानंतर गिम्हेचं वजन घटलं आणि नदीच्या वरच्या अंगाला, गोर्‍यंगमध्ये, देगाया पुढे आलं. ४७९मध्ये तर त्याने थेट चीनच्या दरबारी आपला दूत धाडला. पण पूर्वेला सिल्ला, पश्चिमेला बेक्जे, दोघंही वाढत होते. ५३२मध्ये गिम्हेचा राजा सिल्लाला शरण गेला. त्याचाच पणतू किम यू-शिन पुढे सिल्लाचा सर्वांत नावाजलेला सेनापती झाला. ५६२मध्ये देगायाही पडलं.

'एक झाले नाहीत म्हणून संपले' हे यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते जिंकणाऱ्यांच्या सोयीचं वाटतं. ही छोटी राज्यं काही शतकं आपापल्या जागी टिकली होती. २०२३मध्ये युनेस्कोने गायाच्या सात दफनस्थळांना जागतिक वारसा मानलं, तेव्हा या स्वायत्त राज्यांच्या एकत्र नांदण्याचीच दखल घेतली. अर्थात तिथे सगळं गोड नव्हतं. गोर्‍यंगच्या टेकडीवर एका थडग्यात मालकासोबत तीसहून अधिक माणसं पुरलेली सापडली.

आणि एक वाद्य उरलं, गायागुम. मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं, बारा रेशमी तारांचं. गासिल राजा म्हणाला, गावोगावची बोली वेगळी, मग संगीत एकच कसं? त्याने उरुक नावाच्या वादकाकडून बारा रचना करवून घेतल्या. त्यांतल्या बहुतेकींची नावं गायाच्या मुलखातल्या ठिकाणांची आहेत.

देगाया डळमळू लागलं तसा उरुक वाद्य घेऊन सिल्लात गेला. राजा जिन्हुंगने त्याच्याकडे तीन शिष्य पाठवले. शिष्यांना त्या रचना फार गुंतागुंतीच्या वाटल्या. त्यांनी बाराच्या पाच केल्या. उरुक आधी संतापला. मग त्याने त्या पाच ऐकल्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चांगल्या झाल्यात म्हणाला. बारा रचनांची नावं आजही वाचता येतात. सुरावट एकीचीही उरलेली नाही.