कुऱ्हाडीचा दांडा आणि चेनसॉचा बार : ठाण्याच्या जंगलातील एका हत्याराचा इतिहास

१/
मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगावनंतर आटगाव हे स्थानक लागते. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात पावसाळ्यात रस्त्यावर आडवे झालेले झाड असो वा बांधावरचा साग, तो कापायला आता ‘कटर मशीन’, म्हणजेच चेनसॉ, आणला जातो. कोणता चेनसॉ चांगला, हे ठरवताना लोक आधी ताकदीचा आकडा पाहतात. सुटा भाग कोठे मिळेल आणि कोणता बार कोणत्या यंत्रावर बसेल, हे प्रश्न मागाहून येतात. येथील जंगलाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा क्रम उलटा असायला हवा असे दिसते. थ्रेड.

२/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून ती इगतपुरीस गेली. त्या काळी एक मैल रुळांखाली १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. देशभर वाढलेल्या या मागणीमुळे सरकारला लाकडाच्या पुरवठ्याची चिंता वाटू लागली. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हे वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा.

३/
या कायद्यांची झळ ठाणे जिल्ह्याला विशेष लागली. येथील शेतकरी झाडांच्या फांद्या छाटून, त्या पाल्यासह वाफ्यावर पसरून जाळत आणि त्या राखेत भाताचे रोप तयार करीत. हाच राब. त्यासाठी कोयता पुरे होई. झाड उभे राही आणि पुन्हा फुटे. राखीव जंगलात मात्र हीच छाटणी गुन्हा ठरू लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये ‘बाँबे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा आहे.

४/
त्या काळच्या कुऱ्हाडीला आजचे तीन निकष लावून पाहावेत.
ताकद : माणसाच्या खांद्याएवढी.
सुटे भाग : पाते गावच्या लोहाराकडे, दांडा त्याच रानातला.
जुळणी : दांडा तासून कोणत्याही पात्याच्या नेढ्यात बसवता येई.
कुऱ्हाड मोडली तर काम एखादा दिवस थांबे. मालकाची वा व्यापाऱ्याची परवानगी लागत नसे. हत्यार मजुराचे होते, आणि दुरुस्तीही त्याच्याच गावात होत होती.

५/
याचा राजकीय अर्थ १९४५-४६ मध्ये दिसला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींचा लढा उभा राहिला. त्याचे मुख्य क्षेत्र म्हणजे तलासरी, डहाणू, उंबरगाव हा तत्कालीन ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्न पेटला. मागणी होती दिवसाला सव्वा रुपयाची. शेकडो मजुरांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकून घर गाठले, की ठेकेदाराकडे लाकूड पाडायचे दुसरे साधनच उरत नसे. संपाचे बळ संघटनेत होते. पण हत्याराच्या मालकीचाही त्याला आधार होता.

६/
१९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारच्या काळात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. ठेकेदाराला बाजूला सारून कूपतोडीचे काम आदिवासी मजुरांच्या संस्थांकडे द्यावे, ही त्यामागची कल्पना. तेव्हाही तोड होत होती ती कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने.

७/
त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत हत्यार बदलत होते. चेनसॉचा जन्म प्रसूतीच्या शस्त्रक्रियेतून झाला, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. १७८० च्या दशकात जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश शल्यविशारदांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची साखळीची करवत वापरात आणली. तिला इंजिन नव्हते. झाडे तोडणाऱ्या यंत्राची वाट वेगळी आहे : आंद्रेआस स्टिल यांनी जर्मनीत १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनवली. ही आरंभीची यंत्रे दोघांनी धरावी लागत.

८/
यंत्र सुधारले, तरी साखळीचे दात लवकर बोथट होत. १९४६ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात जो कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंग्याची अळी लाकूड कशी पोखरते हे निरखले. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत होती. त्याच धर्तीवर त्याने दाते बनवले आणि १९४७ मध्ये ‘ओरेगन सॉ चेन’ कंपनी काढली. आजच्या बहुतेक साखळ्यांचे दाते त्याच कल्पनेचे वारस आहेत.

९/
१९५९ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी स्टिलचा ‘कॉन्ट्रा’ आला : गिअरविना चालणारा, ६ अश्वशक्तीचा, सुमारे १२ किलोचा, एका माणसाला पेलणारा. त्याच वर्षी स्वीडनच्या हस्क्वार्नाने आपला पहिला चेनसॉ काढला. ही कंपनी मुळात १६८९ मध्ये बंदुका बनवण्यासाठी स्थापन झाली होती. दोन्ही घराण्यांनी आपापले बार, आपापले बोल्ट ठरवले. आजच्या दुकानातील जुळणीची डोकेदुखी या स्पर्धेतून आली आहे.

१०/
चेनसॉचा बार एखाद्या शिलालेखासारखा वाचता येतो. त्यावर तीन आकडे कोरलेले असतात.
पिच : साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा. उदा. ०.३२५ इंच, ३/८ इंच, ०.४०४ इंच.
गेज : बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. उदा. १.१, १.३, १.५, १.६ मिमी.
तिसरा आकडा त्या कड्यांची संख्या.
पिच अमेरिकी इंचात, तर गेज अनेकदा युरोपीय मिलिमीटरमध्ये! एकाच पट्टीवर दोन औद्योगिक परंपरा शेजारी शेजारी नांदतात.

११/
आता प्रत्यक्ष तुलना. स्टिल एमएस ३८२ आणि हस्क्वार्ना २७२ एक्सपी, दोन्ही मोठ्या झाडांसाठीची यंत्रे. दोघांच्या सिलिंडरचा व्यास ५२ मिमी, स्ट्रोक ३४ मिमी, म्हणजे क्षमता अगदी सारखी : ७२.२ सीसी. ताकद अनुक्रमे ३.९ आणि ३.६ किलोवॉट. दोन्हींवर ३/८ पिचची साखळी चालते. तरीही एकाचा बार दुसऱ्यावर बसत नाही. स्टिलच्या बारची बोल्टची खाच १२ मिमी रुंद, हस्क्वार्नाची ९ मिमी. तेलाचे छिद्रही वेगळ्या जागी. शिवाय स्टिलमध्ये बहुधा १.६ आणि हस्क्वार्नात १.५ मिमीचे गेज.

१२/
०.३ किलोवॉटच्या या फरकाने कामाचा दिवस फारसा बदलत नाही. मात्र बार वाकला आणि त्या मापाचा दुसरा शहापूरला न मिळता कल्याण-ठाण्याहून आणावा लागला, तर दिवसच बुडतो. म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न असा : साखळी, बार, स्प्रॉकेट आणि स्टार्टरची दोरी जवळच्या बाजारात कोणत्या यंत्राची मिळते?

१३/
लहान यंत्रांत आणखी एक चकवा आहे. स्टिल एमएस १७० (३०.१ सीसी) वर ‘३/८ पी’ पिचची साखळी असते. नाव ३/८ असले, तरी तिचे खरे माप सुमारे ९.३२ मिमी, मोठ्या यंत्राची पूर्ण ३/८ म्हणजे ९.५२ मिमी. फरक एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाचा. पण मोठ्या यंत्राच्या स्प्रॉकेटवर ही साखळी चढवली, तर दोन्ही लवकर झिजतात.

१४/
बाजारातील स्वस्त ‘५८ सीसी’ यंत्रांचा आकडाही तपासून घ्यावा. अशा पुष्कळ यंत्रांच्या सिलिंडरचा व्यास ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी असतो. गणित केले तर क्षमता येते ५४.६ सीसी. यंत्र त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. त्याचे सुटे भाग स्वस्त असतात आणि अनेक कंपन्यांचे एकमेकांना चालतात. या बाबतीत ते कुऱ्हाडीच्या दांड्याच्या थोडे जवळ जाते. टिकाऊपणा मात्र सरसकट गृहीत धरू नये.

१५/
मूळ मुद्दा मालकीचा आहे. कुऱ्हाड मजुराची होती. चेनसॉ बहुधा ज्याच्याकडे भांडवल आहे त्याचा असतो, आणि एक चालक अनेकांचे काम उरकतो. १९४६ सारखे ‘हत्यार घेऊन घरी जाणे’ येथे शक्य नाही, कारण हत्यार दुसऱ्याच्या घरी राहते. १९२७ चा भारतीय वन कायदा, कलम ५२, वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे आणि गाड्या जप्त करण्याची मुभा देतो, म्हणजे गुन्हा घडल्यानंतर. फिलिपिन्सने २००२ मध्ये चेनसॉसाठी स्वतंत्र कायदा करून यंत्राची नोंदणीच सक्तीची केली. हत्याराची ताकद वाढली, की त्याचा मालक कोण हे सरकारलाही आधी जाणून घ्यावेसे वाटते.

१६/
हेच यंत्र जीवही वाचवते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमध्ये उन्मळून पडलेली झाडे कापून रस्ते मोकळे करणाऱ्या पथकांच्या हाती चेनसॉच होते. म्हणून ग्रामपंचायतीने वा जंगल कामगार सोसायटीने यंत्र घेताना तिघांचाही विचार करावा : ताकद किती, भाग कोठे मिळतात आणि बार कोणाचा बसतो. त्याबरोबर चौथा प्रश्नही विचारावा. यंत्र कोणाच्या नावावर असेल? आटगावच्या रुळांखाली लाकूड अंथरले गेले, तेव्हा तो कोणी विचारला नव्हता.

(थ्रेड समाप्त)