वातकुक्कुट

दिवाळीला आठ दिवस उरले, की आमच्या घरी फडताळे झाडण्याचे काम माझ्या वाट्याला येते. डबे खाली उतरवायचे, फळ्या पुसायच्या, जुने कागद काढून नवे अंथरायचे, एवढेच ते काम. पण ज्याची उभी हयात वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली, त्याच्या हाती जुनी वर्तमानपत्रे देऊ नयेत. यंदा मी दुसऱ्याच फळीपाशी अडकलो. चकलीचा सोऱ्या हातात घेऊन ही दारात आली आणि म्हणाली, "अहो, ते कागद बदलायला सांगितलेत, वाचायला नव्हे!"

मी वाचत होतो ते दोन अग्रलेख होते. खालच्या कागदावर एका मंत्र्याची दूरदृष्टी, साधी राहणी आणि गोरगरिबांविषयीचा कळवळा यांचे गुणगान होते. वरचा कागद त्यानंतर तीन वर्षांचा. मंत्रिमहोदयांची खुर्ची जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. त्यात तोच माणूस कोता, ढोंगी आणि गोरगरिबांचा वैरी ठरला होता. पत्र एकच, माणूस एकच. आणि वाचकहो, लिहिणाराही एकच. अग्रलेखाखाली सही नसते, म्हणून कुणाला कळले नाही एवढेच. मालकांनी दोन्ही वेळा सांगितले आणि दोन्ही वेळा मी लिहिले.

अपराधी माणसाला सोबती शोधण्याची खोड असते. हात धुतले आणि मी माझ्या आवडीच्या इतिहासात, 1815 सालच्या पॅरिसमध्ये, सोबती शोधू लागलो. तिथे त्यांना तोटा नव्हता.

त्या वर्षी 1 मार्चला नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला आणि पॅरिसच्या रोखाने निघाला. त्या वीस दिवसांची एक गोष्ट आम्हा पत्रकारांत फार लाडकी आहे. 'मोनितर' या सरकारी पत्राने म्हणे पहिल्या दिवशी मथळा दिला, 'नरभक्षक गुहेतून सुटला.' मग तो जसजसा जवळ येत गेला, तसतसा नरभक्षकाचा राक्षस झाला, राक्षसाचा वाघ, वाघाचा बोनापार्त, बोनापार्तचा नेपोलियन; आणि अखेरीस 'सम्राटांचे राजवाड्यात आगमन.' ही गोष्ट मी नव्या उमेदवारांना किती वेळा रंगवून सांगितली असेल! पण ती खरी नाही. त्या दिवसांचे 'मोनितर'चे अंक चाळले तर असे मथळे त्यांत नाहीत.

अंकांत जे आहे, ते मात्र याहून बोलके आहे. 7 मार्चला त्या पत्राने अठराव्या लुईचा हुकूम छापला, की बोनापार्त हा देशद्रोही व बंडखोर आहे, दिसेल तिथे त्याला पकडा. 19 मार्चच्या रात्री राजा पळाला. 20 च्या रात्री नेपोलियन त्याच्या वाड्यात शिरला. 21 च्या अंकात लोकांनी वाचले, की राजेसाहेब रात्री निघून गेले आणि सम्राट संध्याकाळी आपल्या वाड्यात आले. बस्स. शिव्या नाहीत, सारवासारव नाही. 'आपल्या' या एका शब्दात सारे आले.

ही पत्रे अशी का झाली, तेही पाहिले पाहिजे. 1800 साली नेपोलियनने पॅरिसच्या 73 राजकीय पत्रांपैकी 60 एका फटक्यात बंद केली. 1811 मध्ये जेमतेम चार उरली. बेर्तँ नावाच्या गृहस्थाचे 'झुर्नाल दे देबा', म्हणजे वादविवादांचे पत्र, फार खपे. 'वादविवाद' हा शब्दच सम्राटाला सोसवेना, तेव्हा त्याचे नाव 'साम्राज्याचे पत्र' झाले आणि पुढे ते मालकाकडून हिसकावूनही घेतले. 1814 मध्ये राजा आला, बेर्तँला पत्र मिळाले, जुने नाव परत आले. 1815 मध्ये नेपोलियन येताच पुन्हा 'साम्राज्याचे पत्र'. वॉटर्लूनंतर पुन्हा 'देबा'. सव्वा वर्षात तीन बारशी! स्वतः बेर्तँ मात्र राजाच्या मागोमाग परदेशी, गेंट गावी गेला आणि तिथे त्याचे पत्र चालवू लागला. मालक निष्ठेने हद्दपार आणि त्याचे पत्र शत्रूच्या चाकरीत, असा तो प्रकार.

याच 'देबा'त 19 मार्चला, राजा पळाला त्याच दिवशी, बेंजामिन कॉन्स्टंटचा लेख आला होता. नेपोलियनला त्याने अटिला आणि चंगीझखान यांच्या पंक्तीला बसवले, आणि आपण एका सत्तेकडून दुसरीकडे सरपटत जाणारे हीन पक्षबदलू होणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. मादाम रेकामिए या सुंदरीवर छाप पाडण्यासाठी तो इतका आवेश आणत होता, असेही लोक म्हणत. त्यानंतर महिनाही झाला नाही, तोच 14 एप्रिलला नेपोलियनने त्याला बोलावले. गृहस्थ गेले! 20 एप्रिलला राज्यमंडळात नेमणूक, 22 ला नवी राज्यघटना जाहीर. ती मुख्यतः यांच्याच हातची. पॅरिसकरांनी तिचे नाव ठेवले 'बेंजामिनी'.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'वातकुक्कुटांचा कोश' निघाला. कौलावरचा पत्र्याचा कोंबडा वाऱ्याबरोबर फिरतो, तो वातकुक्कुट. ज्याने जितक्या राजवटींना मुजरे केले, तितकी कोंबड्यांची चित्रे त्याच्या नावापुढे. तालेरांसारख्यांची तर रांगच लागली. पुस्तक इतके खपले, की वर्षाच्या आत पुन्हा छापावे लागले.

मला वाटले, सापडला माझा सोबती. कॉन्स्टंट आणि मी, एकाच कौलावरचे दोन कोंबडे! पण त्याची 'बेंजामिनी' उघडली आणि मी ओशाळलो. तिच्या 64 व्या कलमात आहे, की प्रत्येक नागरिकाला आपले विचार सही करून छापण्याचा हक्क आहे. छापण्यापूर्वी तपासणी नाही, आणि गुन्हा झालाच तर ज्युरीपुढे न्याय. ज्याने साठ पत्रे बंद पाडली, त्याच्याच राज्यात त्याने हे लिहून घेतले. राजे परत आल्यावर प्रतिनिधिगृहात त्यांच्यापुढेही त्याची मागणी हीच होती. मागाहून त्याने 'शंभर दिवसां'वर सबंध पुस्तक लिहून आपण असे का वागलो याचा जबाब जगाला दिला. तो काही संत नव्हता. 1830 मध्ये लुई फिलिपने कर्ज फेडायला दिलेले पैसे त्याने घेतलेच. पण त्याने धनी बदलले, मागणी बदलली नाही. आणि शिवी दिली तीही आपल्या नावाने.

माणसाचे मत बदलू नये, असे मी म्हणत नाही. अनुभवाने बदलते, बदलावेही. मात्र बदलले तर का, ते वाचकाला सांगावे लागते. त्या तीन वर्षांत मंत्र्याविषयी मला नवे काहीच कळले नव्हते. कळले होते ते एवढेच, की त्यांची खुर्ची गेली.

ते दोन कागद मी फळीवर परत घातले नाहीत. घडी करून टेबलावर ठेवले आणि हा लेख लिहायला बसलो. लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवला. चकल्या तळता तळता तिने सगळा ऐकला. मग म्हणाली, "चांगला आहे. पण संपादकांना सांगा, खाली नाव छापा म्हणावं."

सांगितले आहे.