माळवदाचें घर
सोलापूरकडे घर खणांनीं मोजतात. दोन तुळयांमधील जागा तो खण. पावसाळ्यापूर्वीं गळतीच्या भयानें माळवदावर पांढरीचा नवा थर चढे. जुना सहसा कोणी काढीत नसे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला, आणि असल्याच मातीच्या भाराखालीं व दुपदरी दगडी भिंतींखालीं सहस्रावधि माणसें झोपेंतच गेलीं. तदनंतर सरकारनें सोलापूर जिल्ह्यांतही जुनीं घरें मजबूत करण्याचें काम हातीं घेतलें. त्यांत एकही खण वाढवावा लागत नाहीं. माळवदावरील माती कमी करावी, भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड बसवावे, खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे आधार द्यावे. महोत्सवानिमित्त कुंभारींत ज्यांनीं रंगसफेदी योजिली असेल, त्यांनीं प्रथम माळवदावर चढून मातीची जाडी पाहावी, चुना त्यानंतर.