शेतकऱ्याची ती लेक

मंडळी, भुताची गोष्ट कोणाला आवडत नाही? परवा संगमनेरात एका शिक्षकमित्राच्या घरी आम्ही चारपाच जणांनी 'बीस साल बाद' हा १९६२ सालचा हिंदी बोलपट पुन्हा पाहिला. बीरेन नाग यांचे दिग्दर्शन, हेमंतकुमारांचे संगीत. जुनी हवेली, दलदल आणि रात्री दुरून ऐकू येणारे बाईचे गाणे! बोलपट संपला तसे मित्राने कपाटातून एक जुने पुस्तक काढले. म्हणाला, "गुरुजी, मूळ गोष्ट इथे आहे. पुन्हा एकदा वाचा."

ते पुस्तक म्हणजे आर्थर कॉनन डॉईल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी. लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात १९०१-०२ साली ती क्रमशः आली. डार्टमूरच्या माळावरच्या एका जमीनदार घराण्यामागे म्हणे राक्षसी कुत्र्याचा शाप लागलेला. शेरलॉक होम्स शोध लावतो, की कुत्रा आहे खरा, पण भूत नव्हे. त्याच्या तोंडाला चमकणारे रसायन फासले आहे. फासणारा कोण? तर वाड्याच्या वारशावर डोळा ठेवून बसलेला भाऊबंद! आता भाऊबंदकी आपल्याला काय नवी?

बोलपटात मात्र वारशाचे भांडण नाही. ठाकुराने गावातल्या मुलीवर अत्याचार केला, तिने जीव दिला, आणि तिच्या रक्ताचा माणूस त्या घराण्यावर सूड उगवीत राहिला. जमीनदारी नष्ट करणारे कायदे होऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. प्रेक्षकांना हे दुःख समजावून सांगावे लागले नाही.

मला वाटले, हिंदीवाल्यांनी गोष्टच बदलली. पण पुस्तक उघडले तो काय! दुसऱ्याच प्रकरणात ती मुलगी आहे. ह्यूगो बास्करव्हिल एका शेतकऱ्याच्या लेकीला पळवून वाड्यात कोंडतो. ती भिंतीवरची वेल धरून खाली उतरते, घराच्या ओढीने माळावरून धावते, आणि भीतीने, थकव्याने वाटेतच प्राण सोडते. डॉईलनी तिला नावदेखील दिलेले नाही. होम्स कुत्र्याचा माग काढतो. त्या लेकीची चौकशी कोणी करीत नाही. खरे सांगायचे तर, पहिल्या वाचनात मीही केली नव्हती.

आपल्याकडे जमीनदारी नव्हती, रयतवारी होती. पण सारा भरण्यासाठी रयत सावकाराच्या दारी जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा झाला, आणि तो आपल्या नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे काढून त्यांनी जाळले. पोलिसांनी दंगेखोर पकडले. होम्सचे काम तेवढ्यात संपले असते. पण सरकारला आयोग नेमून विचारावे लागले, की ही माणसे या थराला गेली कशी? त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

गुन्हा कोणी केला, हा एक प्रश्न. तो सुरू कोठून झाला, हा दुसरा. शिक्षकबंधूंनो, भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आहेत. त्या मुलांना जरूर वाचायला द्या. वाचून झाल्यावर गुन्हेगाराचे नाव मुले सांगतीलच. मग हळूच एवढेच विचारा, "बाळांनो, या गोष्टीत ज्याच्याबद्दल कोणीच काही विचारले नाही, असा कोण राहिला?"