हत्यार, हेर आणि कायदा

राज्यात हत्यार कोणी बाळगावे हा प्रश्न वरकरणी पोलिसखात्याचा दिसतो. इतिहास पाहिला म्हणजे तो नागरिकत्वाचा आहे हे कळते. ज्याला हत्यार मिळते त्याच्यावर सरकारचा भरवसा असतो. ज्याचे काढून घेतले जाते त्याच्यावर संशय. या प्रश्नापायी नागपूरच्या तरुणांनी तुरुंग पत्करला होता, म्हणून तो येथे मांडणे उचित होईल.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला. बंदूकच काय, परवान्यावाचून तलवार बाळगणेही गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसने हा कायदा बदला अशी मागणी केली. त्याच महिन्यात सरकारने देशातील राजकीय हालचालींवर नजर ठेवण्यासाठी एक गुप्त शाखा उघडली. आजचे इंटेलिजन्स ब्युरो आपला जन्मदिवस तोच, म्हणजे २३ डिसेंबर १८८७, मानते. प्रजेचे हत्यार काढून घ्यायला कायदा केला गेला. प्रजेवर हेर नेमायला नुसता हुकूम पुरला. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी कथा त्यातूनच निघते.

पुढे बंगालमध्ये १९२४ चा वटहुकूम आणि १९२५ चा कायदा यांच्या आधारे सुभाषबाबूंसह अनेकांना चौकशीवाचून डांबले गेले. पुरावा काय, तर हेरांचे अहवाल. ते ना उघड न्यायालयापुढे आले, ना आरोपीला दिसले. या बंदींच्या सुटकेसाठी १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्रसत्याग्रह मांडला. चार वर्षांपूर्वी ज्या शहरात झेंडा सत्याग्रह झाला, तेथेच आता स्वयंसेवक उघड तलवारी घेऊन निघाले आणि तुरुंगात गेले. हातात तलवार आणि तोंडी अहिंसा हे गांधीजींना पटले नाही, व त्यांनी ते स्पष्ट लिहिले. साधन चुकले असे म्हणता येईल. प्रश्न मात्र चुकला नव्हता. गुप्त शब्दावर माणूस कोंडणाऱ्या सत्तेला, 'तुझा अधिकार कोणत्या कायद्यातला?' असे तो विचारीत होता.

स्वातंत्र्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डॉ. आंबेडकरांनी तो नाकारला आणि घटनेत सभेचे स्वातंत्र्य 'शांततेने व विनाशस्त्र' असे आले. मला हे योग्य वाटते. घरोघर बंदुका झाल्या तर पहिला बळी गरिबाचा पडतो. पण नागरिकाने हत्यार खाली ठेवले, की ज्याच्या हाती ते उरते त्याचा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकाला येतो.

तो हिशेब कोठे आहे? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे ४५ वे कलम सांगते की, केंद्र सरकारच्या हुकमाने, किंवा सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्राला हा कायदा लागू नाही. शिपायाच्या पाठीशी निदान पोलिसांचा कायदा आहे. गुप्तवार्ता खात्याचे अधिकार सांगणारा कायदाच संसदेने केलेला नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. संसदेला वेळ नव्हता असेही नाही. १९८४ साली पन्नासावी घटनादुरुस्ती करून आणि १९८५ साली स्वतंत्र कायदा करून याच खात्यांतील नोकरांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घालण्यात आली. हक्क काढून घ्यायला कायदा, अधिकार वापरायला हुकूम! १८८७ ची चाल येथेही दिसते.

इतर देशांनी हा प्रश्न कायदेमंडळात नेला. अमेरिकेत १९४९ च्या कायद्याने सी. आय. ए. च्या गुप्त कागदपत्रे नेणाऱ्या जासुदांना व पहारेकऱ्यांना बंदूक बाळगण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियात ३० नोव्हेंबर १९८३ रोजी मेलबर्नच्या शेरेटन हॉटेलात परदेशी हेरखात्याची तालीम चालू असता दार फोडले गेले आणि नोकरमाणसांवर बंदुका रोखल्या गेल्या. बोभाटा झाला, चौकशी झाली. २००१ च्या कायद्याने त्या खात्याला शस्त्रवापर मना केला. २००४ साली स्वसंरक्षणापुरता, मंत्र्याच्या मंजुरीने, पुन्हा दिला. दिला तोही उघड, सभागृहात.

कोणी म्हणेल, हेराचा कायदा केला तर गुपित फुटेल. हेराचे नाव गुप्त असावे. त्याच्या अधिकाराची हद्द गुप्त असण्याचे कारण नाही. आणि हा कायदा त्या नोकराच्याही हिताचा आहे. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो: तोंडी हुकमावर धोक्याचे काम करणारा अडचणीच्या वेळी एकटा पडतो. रात्री गोळी सुटली, भलताच माणूस मेला, तर हुकूम देणारा साहेब 'मी असे म्हटलेच नव्हते' म्हणतो. हत्यार कोणाला, कोणत्या कामी, कोणत्या शिक्षणानंतर आणि कोणाच्या सहीने, हे कायद्यात लिहिलेले असेल, तर नागरिकाला दाद मागता येईल आणि नोकरालाही ढाल मिळेल. आपल्या खासदाराला हे विचारायला कोणताही परवाना लागत नाही.